टिळकांची गीतं कुणी गायली? ‘जीवन व कार्य’च्या पुढचा प्रश्न

मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. करायचं मनात आलं की पहिला विषय बहुतेकांच्या डोक्यात एकाच साच्यातून बाहेर पडतो : ‘अमुक यांचे जीवन व कार्य : एक चिकित्सक अभ्यास’. ग्रंथालयात अशा शीर्षकांच्या प्रबंधांची कपाटंच्या कपाटं आहेत. त्यातले काही प्रबंध फार कष्टाने केलेले आहेत, त्यांची थट्टा करायचं कारण नाही. अडचण एवढीच की या शीर्षकात माणूस असतो, प्रश्न नसतो. प्रकरणंही ठरलेली असतात : जन्म, बालपण, शिक्षण, कार्य, ग्रंथसंपदा, समारोप. मग प्रवेशाच्या मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “हे सगळं ठीक आहे, पण तुम्हाला शोधायचं काय आहे?” आणि तिथे गाडी अडते.

या लेखात आपण एकच चरित्र घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा काढायचा ते पाहू. चरित्र आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. शाळेच्या पुस्तकामुळे ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपल्या ओळखीचे असतात. (लोकमान्यांशी गल्लत करू नका; अजूनही होते.) पण महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये त्यांची ओळख वेगळी आहे. तिथे ते गीतकार आणि उपदेशक आहेत, आणि त्यांची गीतं आजही उपासनेत गायली जातात.

आधी चरित्र, थोडक्यात

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. आई लवकर गेली, वडिलांशी पटलं नाही, मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्यांकडे संस्कृत शिकला. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं; त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. शिक्षकी, पुराण-प्रवचन, नागपूरला संस्कृत ग्रंथांचं काम, ‘ऋषि’ नावाच्या मासिकाचं संपादन, मग राजनांदगाव. डोक्यात सतत एकच घोळत होतं : जातिभेद आणि मूर्तिपूजा ओलांडणारा, देशाला उभं करणारा धर्म कोणता?

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची बरीच वर्षं अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेली. तिथे त्यांनी शिकवलं, कीर्तनं केली, गीतं लिहिली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले, ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ काढला, आणि ९ मे १९१९ ला मुंबईत वारले.

दोन परिच्छेदांत आयुष्य आटोपलं. ‘जीवन व कार्य’ पद्धतीत याचीच दोनशे पानं होतात. आता यातल्या एकेका वाक्याला थांबवून प्रश्न विचारू.

रेल्वेतली भेट : गोष्ट आणि साचा

टिळकांच्या प्रत्येक चरित्रात एक रेल्वेप्रवास येतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. त्याने काव्यावर, धर्मावर गप्पा मारल्या, ‘नवा करार’ हातात ठेवला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक ते पुस्तक वाचत गेले आणि दोन वर्षांनी खरंच बाप्तिस्मा झाला. हा मिशनरी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, अशी ओळख दिली जाते.

नवखा संशोधक इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर हा प्रसंग जसाच्या तसा उतरवून पुढे जातो, किंवा ‘ही दंतकथा दिसते’ म्हणून झटकून टाकतो. दोन्हींत घाई आहे. आपण आधी हे पाहायचं की धर्मांतराच्या गोष्टी सांगण्याची त्या काळात एक रीत होती आणि त्या रीतीत अशा प्रसंगाला ठरलेली जागा होती.

ती रीत समजण्यासाठी थोडं लांब, अठराव्या शतकातल्या इंग्लंडला जाऊ. मेथॉडिस्ट चळवळ उभी करणारे दोन भाऊ, जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि चार्ल्स वेस्ली (१७०७–१७८८). दोघेही आधीच धर्मोपदेशक होते, व्रतस्थ होते. तरीही दोघांनी आपल्या अंतःकरणात पालट झाल्याची नेमकी तारीख नोंदवली : चार्ल्स २१ मे १७३८, जॉन २४ मे १७३८. या परंपरेत ‘कधी?’ या प्रश्नाला दिवसासकट उत्तर देता येणं महत्त्वाचं झालं. पुढे जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांनी ही सवय सोबत नेली. बाप्तिस्मा घेणारा आपली गोष्ट सांगे तेव्हा तिच्यात एक भेट, एक पुस्तक, एक झगडा आणि एक दिवस असे.

याचा अर्थ गोष्ट खोटी, असा होत नाही. माणसं खऱ्या घटनाही उपलब्ध साच्यातच सांगतात. पंढरीच्या वारीला पहिल्यांदा गेलेला माणूस अनुभव सांगतो तेव्हा कळस दिसल्याचा क्षण येतोच; म्हणून त्याला कळस दिसलाच नाही असं आपण म्हणत नाही. संशोधकाने करायचं ते असं : घटना एका रकान्यात, तिची मांडणी दुसऱ्या रकान्यात. रेल्वेतल्या भेटीला टिळकांच्या आयुष्यात केंद्र केलं की एक गोष्ट बाजूला पडते. धर्माचा शोध त्या डब्यात सुरू झाला नव्हता, तो आधीची अनेक वर्षं चालला होता.

चार्ल्स वेस्लींकडून घ्यायचा धडा

वेस्ली बंधू आणलेच आहेत तर त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेऊ. चार्ल्सने सहा हजारांहून जास्त गीतं लिहिली. जॉनने त्यांतली निवडून, दुरुस्त करून १७८० मध्ये मेथॉडिस्टांसाठी ५२५ गीतांचा मोठा संग्रह काढला. त्याआधी १७६१ मध्ये त्याने गाण्याच्या सूचना छापल्या होत्या. सगळ्यांनी गा, अर्धमेल्या आवाजात गाऊ नका, आपलाच आवाज वर काढू नका, लय ओढू नका, अशा अर्थाच्या.

या सूचना वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. सूचना कधी लिहाव्या लागतात? लोक तसं वागत नसतात तेव्हा. म्हणजे त्या सूचनांत मेथॉडिस्ट मंडळ्या प्रत्यक्षात कशा गात होत्या, याचा उलटा पुरावा आहे. कुणीतरी ओरडत होतं, कुणी मागे रेंगाळत होतं, कुणी तोंडच उघडत नव्हतं. १७३९ पासून वेस्ली बंधू ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडला कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर उपदेश करत होते. ऐकणाऱ्यांत वाचता न येणारे खूप होते. अशा लोकांपर्यंत धर्मतत्त्व पोचलं ते बऱ्याच अंशी गाण्यातून, पाठांतरातून.

म्हणून गीतकाराचा इतिहास लिहिताना दोन वेगळे प्रश्न असतात : गीत कुणी लिहिलं, आणि गीत कुणी, कुठे, कोणत्या चालीवर गायलं? पहिल्याचं उत्तर मुखपृष्ठावर मिळतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं. संशोधन दुसऱ्यात आहे.

इंग्रजी चालीत मराठी शब्द

अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघालं. नव्या मंडळ्यांना उपासनेसाठी गीतं हवी होती. हेन्री बॅलन्टाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी ती मराठीत तयार केली. त्यांतली पुष्कळ इंग्रजी गीतांवरून केलेली आणि इंग्रजी चालींवर बेतलेली होती.

इथे तांत्रिक अडचण येते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. इंग्रजी पद्य शब्दातल्या आघातावर चालतं. कोणत्या अवयवावर जोर द्यायचा हे भाषेतच ठरलेलं असतं, आणि चालीतला ठोका त्या जोरावर पडतो. मराठीत शब्दावर असा बांधलेला आघात नाही. आपलं पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर तोललेलं असतं. त्यामुळे इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की चालीतला लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि शब्द मध्येच ताणला जातो. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, पण कानाला परकं.

याउलट अभंग बघा. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. नियम इतका सोपा की लिहिता न येणाऱ्यालाही तो कानाने पाठ असतो. टाळ हातात घेतला की मोजदाद आपोआप होते.

टिळकांनी या छंदाचा आणि भजन-कीर्तनाच्या ढंगाचा आग्रह धरला. ते या वाटेवरचे पहिले नव्हते. त्यांच्या आधी कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. हे नाव मुद्दाम देतो, कारण मोठ्या माणसाचा प्रबंध लिहिताना त्याच्या आधीचे लोक गळून पडतात आणि सगळ्याची सुरुवात त्याच्यापासूनच झाली असं चित्र तयार होतं. ‘प्रथमच’, ‘सर्वप्रथम’, ‘आद्य’ हे शब्द आपल्या आराखड्यात दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुरावा आहे का ते बघा.

चिंचवड, देहू, आळंदी

टिळकांबद्दल एक विधान नेहमी सांगितलं जातं : तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचं. आमच्या चिंचवडकडच्या वाचकाला या विधानाची गंमत चटकन कळेल. इथून देहू आणि आळंदी दोन्ही पीएमपीच्या बसने जाण्याच्या अंतरावर. चिंचवड गावात मोरया गोसावींचं समाधी मंदिर, तिथे त्यांची पदं आजही गायली जातात. चिंचवडच्या देवांना ‘देव’ हे नाव तुकोबांमुळे पडलं, अशी कथाही इथे सांगतात. म्हणजे रचना करणारा संत, त्याची पदं आणि ती शतकानुशतकं म्हणणारे लोक, हे नातं कसं चालतं याची तीन जिवंत उदाहरणं आपल्या आसपास आहेत. टिळकांनी जे केलं ते समजायला आधी हे नातं ओळखीचं असावं लागतं.

टिळकांच्या भक्तिरचनेत ख्रिस्त ‘माउली’ होतो, ‘गुरू’ होतो. ‘माउली’ हा शब्द ज्ञानेश्वरांसाठी आणि विठ्ठलासाठी वारकऱ्यांच्या तोंडी रुळलेला. तो ख्रिस्ताला लावल्यावर केवळ शब्द बदलत नाही. देवाशी बोलायची, रुसायची, हट्ट करायची मुभाही त्यासोबत येते. राजाला अर्ज करतात, आईकडे मागतात. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा फरक दिसणार नाही, गीतात दिसतो. म्हणून गीत हे इतिहासाचं साधन म्हणून वाचायचं तर त्यातली मतं गोळा करून भागत नाही. संबोधनं मोजा, क्रियापदं बघा : गाणारा देवाला काय करायला सांगतोय?

आता पुलाच्या विधानावर संशोधक म्हणून एक शंका घ्यायला हवी. तुकारामांकडे वळणारे त्या पिढीत टिळक एकटे होते का? मुळीच नाही. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची मंडळी, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, सगळेच तुकोबांकडे जात होते. शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी मदतीने संपादित केलेली तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापून आली होती. पुण्यात निकल मॅकनिकल यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी मराठी संतांचे अनुवाद करत होते. म्हणजे तुकाराम फडावर, दिंडीत होतेच. शिवाय छापील पुस्तकातून सुशिक्षितांच्या टेबलावरही आले होते. टिळकांचा पूल या सगळ्या रहदारीत उभा आहे. तो एकट्याने बांधलेला नाही, आणि हे म्हटल्याने टिळक लहान होत नाहीत.

आता मूळ प्रश्न : गाणारे कोण?

इथपर्यंतची मांडणी बऱ्याच लेखांत मिळते : परदेशी चाली परक्या वाटत, टिळकांनी अभंग आणला, ख्रिस्ती उपासना मराठी झाली. वाचायला छान वाटतं. पण यात एक गृहीतक दडलेलं आहे. ‘मराठी’ म्हणजे सगळ्यांसाठी एकच काहीतरी, असं आपण धरून चाललोय.

अहमदनगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मोठी संख्या महार आणि मांग समाजातून आलेल्यांची होती. टिळक कोकणातले ब्राह्मण, संस्कृत शिकलेले. त्यांच्यासाठी अभंग म्हणजे धर्म बदलूनही न तुटलेली नाळ. आपण परके झालो नाही, हे स्वतःला आणि आपल्या माणसांना सांगण्याची रीत. पण महारवाड्यातून चर्चमध्ये आलेल्या माणसासाठी अभंगाचा अर्थ तोच होता का?

याची किमान दोन उत्तरं संभवतात. पहिलं : अभंग त्यांना कुणी बाहेरून दिलेला नव्हताच. चोखामेळा, सोयराबाई, कर्ममेळा यांची परंपरा त्यांचीच. एकतारीवर भजन म्हणणारे आधीपासून होते. मग टिळकांनी मंडळीला अभंग ‘दिला’ हे वाक्य चुकीचं ठरतं. मंडळीकडे जे होतं त्याला चर्चच्या आत जागा मिळाली, असं म्हणावं लागतं. दुसरं उत्तर अगदी उलट : ज्या परंपरेत आपल्या संताला देवळाच्या दाराबाहेर थांबावं लागलं, तिचा छंद पुन्हा कशाला? त्यापेक्षा इंग्रजी चाल बरी. तिच्यात कुणाची पायरी नाही, कुणाचा विटाळ नाही. एका माणसाला जी चाल परकी वाटते, तीच दुसऱ्याला मोकळी वाटू शकते.

कोणतं खरं? गावागणिक, पिढीगणिक उत्तर वेगळं निघेल. पण प्रश्न विचारला की टिळकांचा विषय ‘जीवन व कार्य’ राहत नाही. एका छंदाचा अर्थ जात बदलली की कसा बदलतो, असा तो विषय होतो. हा प्रश्न घेऊन मुलाखतीला गेलात तर समितीला बोलायला काहीतरी मिळेल.

साधनं कोणाच्या तोंडून बोलतात?

टिळकांवरची मुख्य साधनं समोर मांडा. एक, त्यांचं स्वतःचं लेखन : कविता, ‘अभंगांजली’, ‘ज्ञानोदय’मधला मजकूर. दोन, जे. सी. विन्स्लो यांचं १९२३ चं इंग्रजी चरित्र. तीन, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, चार भागांत १९३४ पासून प्रसिद्ध झालेली. शिवाय ‘ख्रिस्तायन’ : टिळकांनी सुरुवातीचे अध्याय लिहिले, पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि दोघांच्याही निधनानंतर १९३८ मध्ये ते छापलं गेलं.

आता प्रत्येकाला विचारा, तू कुणासाठी लिहिलंस? विन्स्लो हे ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक, भारतीय वेशातली आश्रमी ख्रिस्ती जीवनपद्धती घडवू पाहणारे. त्यांना टिळकांत आपल्या प्रयोगाचा पूर्वज दिसतो. साहजिकच त्यांच्या पुस्तकात ‘भारतीय’ टिळक ठळक होतात. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं पत्र, त्यामुळे मिशनशी झालेले वाद तिथे कोणत्या भाषेत येतात ते जपून वाचायला हवं.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक तर सोनंच. नवऱ्याचा बाप्तिस्मा, वर्षानुवर्षांची ताटातूट, पुन्हा एकत्र येणं, पण सोवळं-ओवळं सांभाळत वेगळा स्वयंपाक, आणि शेवटी १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा. जातीची शिवाशिव मनातून कशी गळून पडली हे त्यांनी ज्या साधेपणाने सांगितलंय, तसं मराठीत फार कमी ठिकाणी सापडतं. भल्याभल्यांनी या पुस्तकावर लिहिताना विनोदाचं कौतुक केलंय, ते योग्यच. पण संशोधकाने त्यातली घरगुती माहिती पुरावा म्हणून वाचावी : घरात कोण राहत होतं, कोण जेवत होतं, पैसे कुठून येत होते, कुणाचे दागिने मोडले गेले. टिळक मनात येईल तेव्हा देऊन टाकत. घरात उद्याचं पीठ आहे की नाही हे पाहायचं काम लक्ष्मीबाईंचं. कवीची मुक्तता कुणाच्या हिशेबावर उभी होती, ते या पुस्तकात पानोपानी दिसतं. ते टिपलं नाही तर चरित्र अर्धंच राहतं.

एक सूचना. संक्षिप्त आवृत्तीवर काम करू नका. ‘स्मृतिचित्रे’च्या संपूर्ण आवृत्तीचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आलाय, पण मराठीत काम करणाऱ्याने आधार मराठी संपूर्ण पाठाचाच घ्यावा.

आणि आता बघा, या सगळ्या साधनांत कोण बोलतंय? कवी, त्यांची पत्नी, त्यांचे मित्र, त्यांची संस्था. रविवारी बाकावर किंवा सतरंजीवर बसून ती गीतं म्हणणारी राहुरीकडची, नगरकडची बाई इथे स्वतःच्या आवाजात बोलत नाही. लक्ष्मीबाईंच्या पानांवर ती कधीमधी डोकावते, पण लक्ष्मीबाईंच्याच नजरेतून.

दरबार गेला, गीतं राहिली

१९१७ चा निर्णय या संदर्भात पुन्हा पाहू. टिळक पन्नाशी ओलांडलेले, मानमरातब मिळालेले. तरी त्यांनी मिशनची नोकरी सोडली, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत, ही कल्पना. चर्चच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती; बाप्तिस्मा हीच तर आत-बाहेरची रेषा. ज्या माणसाने त्या रेषेसाठी घर, जात, काही वर्षं बायकोसुद्धा गमावली होती, तोच आयुष्याच्या शेवटी ती रेषा पुसट करू पाहत होता.

दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे मोठा झाला नाही. गीतं मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहातून वेगवेगळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत पोचली. असं का झालं? माझं उत्तर असं : दरबाराला टिळक लागत होते, गीतांना लागत नव्हते. संस्था चालवायला माणूस, पैसा, जागा, नियम लागतात. अभंगाला लागणारी यंत्रणा आधीच गावोगावी तयार होती : टाळ, मृदंग, पुढे म्हणणारा एक आणि मागे म्हणणारे पन्नास. ती यंत्रणा टिळकांनी निर्माण केली नव्हती. गाणाऱ्यांनी ती सांभाळली होती. म्हणून वारशाचं श्रेय वाटताना गाणाऱ्यांचा हिस्सा काढून ठेवणं हा चांगुलपणाचा भाग नाही, इतिहासातल्या कारणाचाच भाग आहे.

मग काम कुठून सुरू करायचं?

यासाठी साताऱ्याला किंवा लंडनच्या अभिलेखागारात जायलाच हवं असं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये बसूनही करता येण्यासारखं आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने. नगर, सोलापूर, मराठवाड्यातून कामाला माणसं आली. त्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबंही होती. गावचं गीत शहरात येताना त्याचं काय होतं, हा आपल्या अंगणातला विषय आहे.

दोन कामं समांतर करा. पहिलं, गीतसंग्रहाचा तक्ता. रकाने पाच : गीत क्रमांक, कर्ता, छंद, चालीचा निर्देश, देवासाठीचं संबोधन. एकाच संग्रहाच्या दोन आवृत्त्या घ्या आणि काय गळलं, काय वाढलं ते बघा. संग्रहात गीत आहे याचा अर्थ ते गायलं जातं असा नाही. म्हणून जुन्या वापरलेल्या प्रती शोधा. कोणती पानं मळलीत, कुठे पेन्सिलीने खूण आहे, कुठे कागद खालून फाटलाय. मळकं पान हाही पुरावा आहे.

दुसरं, मुलाखती. साठीच्या पुढच्या लोकांशी बोला, बायकांशी जास्त बोला. ‘तुम्हाला टिळकांची गीतं आवडतात का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतील. विचारा : मयताला कोणतं म्हणता? लग्नात कोणतं? पुस्तक न बघता कोणतं येतं? ही चाल कुणाकडून शिकलात? गावाकडे टाळावर म्हणत होता का, इथे कशावर म्हणता? जातीचा प्रश्न थेट विचारू नका आणि टाळूही नका. तो चालीच्या, गावाच्या, पंगतीच्या बोलण्यातून आपणहून येतो. आला की थांबून ऐका. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी, प्रबंधात नाव द्यायचं की नाही ते त्यांना विचारूनच.

यातून शीर्षक कसं होईल? काहीसं असं : ‘पिंपरी-चिंचवडमधील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील अभंगगायन : स्मृती, जात आणि स्थलांतर’. यात ना. वा. टिळक हे नावच नाही. काळजी करू नका, पहिल्या मुलाखतीत तुम्ही न विचारता ते निघेल. आणि समजा निघालं नाही, गाणारीला गीत पाठ आहे पण कर्ता माहीत नाही, तर तेही टिपून ठेवा. देहूपासून नगरपर्यंतच्या या परंपरेत गीत गाणाऱ्याचं कधी झालं, ते ओळखायची ती एक चांगली खूण आहे.